घटक ४ : सामायिक अध्ययनाचे डिजिटल ग्रंथालय

४.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपल्याला –

• ग्रंथांचा डिजिटल साठा आणि डिजिटल ग्रंथालय यांतील फरक स्पष्ट करता येईल.
• मराठीत झालेल्या अशा प्रमुख प्रयत्नांची ओळख करून देता येईल.
• विद्यापीठाने डिजिटल ग्रंथालय उभारताना कोणते टप्पे ओलांडावे लागतात, ते सांगता येईल.
• मराठी लेखन व व्याकरण यांचा ग्रंथशोधावर होणारा परिणाम उदाहरणांसह दाखवता येईल.
• आपल्या परिसरातील भाषिक सामग्री ग्रंथालयात कशी जमा करावी, याचा आराखडा करता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थीमित्रहो, मागील घटकात आपण महाराष्ट्रातील ग्रंथालय चळवळीचा आढावा घेतला. मुद्रित ग्रंथ एका इमारतीत ठेवणे आणि सभासदांना ते घरी नेऊ देणे, हे त्या चळवळीचे मुख्य कार्य होते. या घटकात आपण तिच्या पुढच्या अवस्थेचा विचार करणार आहोत. विद्यापीठ जेव्हा आपले ग्रंथ, अध्ययनसाहित्य आणि संशोधन डिजिटल रूपात सर्वांसाठी खुले करू पाहते, तेव्हा त्याला नेमके काय करावे लागते, हा आपला प्रश्न आहे.

हा प्रश्न एका ठिकाणी उभे राहून पाहणे सोयीचे होईल. ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यात, मध्य रेल्वेच्या कल्याण–कसारा मार्गावर, खर्डी आणि कसारा यांच्या दरम्यान उंबरमाळी आहे. घाट चढून गेले की नाशिक. तेथे १९८९ मध्ये यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची स्थापना झाली. उलट दिशेने गेले की कल्याण, ठाणे आणि मुंबई. मुंबईला पाणी पुरवणारी तानसा, मोडकसागर आणि भातसा ही धरणे याच तालुक्यात आहेत. त्यांपैकी तानसा तर १८९२ पासून मुंबईची तहान भागवत आहे. तरीही उन्हाळा लागला की याच तालुक्यातील अनेक पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते.

या परिस्थितीतून दोन गोष्टी ध्यानात येतात. पहिली, साठा जवळ असला म्हणून पाणी घरात येत नाही. दुसरी, ज्या मातीतून पाणी जाते त्या मातीला ते परत मिळेलच असे नाही. ज्ञानव्यवहारातही असेच घडते. मुक्त विद्यापीठाने ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद स्वीकारले आहे. ते खरे करायचे असेल, तर ग्रंथालयाच्या बाबतीत साठ्याइतकाच पोहोचीचा आणि परतीच्या प्रवाहाचाही विचार करावा लागेल. या घटकातील सर्व विवेचन या एका मुद्द्याभोवती फिरते, हे वाचताना लक्षात ठेवावे.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ साठा आणि ग्रंथालय

ग्रंथांची पाने यंत्राने प्रतिमांकित करून संगणकावर ठेवली की डिजिटल साठा तयार होतो. हव्या त्या वाचकाला हवा तो ग्रंथ सापडावा, कायदेशीररीत्या वाचता यावा, उद्धृत करता यावा आणि उद्याही त्याच जागी मिळावा, अशी व्यवस्था त्या साठ्याभोवती उभी राहते, तेव्हा त्याला डिजिटल ग्रंथालय म्हणता येते. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे प्रवर्तक शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये पाच सूत्रे मांडली. ग्रंथ वापरासाठी आहेत आणि वाचकाचा वेळ वाचला पाहिजे, हा त्यांतील दोन सूत्रांचा आशय आहे. संगणकयुगातही कसोटी हीच आहे. किती लाख पाने साठवली, यापेक्षा किती वाचकांना हवे ते पान मिळाले, हे अधिक महत्त्वाचे ठरते.

यासंदर्भात ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ या प्रकल्पाचे उदाहरण बोधप्रद आहे. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठ आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांच्या पुढाकाराने या शतकाच्या आरंभी देशभरात जुन्या ग्रंथांच्या प्रतिमांकनाची केंद्रे सुरू झाली. अनेक भारतीय भाषांतील लक्षावधी ग्रंथ त्यातून डिजिटल झाले. मराठीचेही पुष्कळ दुर्मीळ ग्रंथ त्यांत होते. हे काम फार मोठे होते, यात शंका नाही. परंतु मराठी ग्रंथनामे रोमन लिपीत, निरनिराळ्या वर्णलेखनाने नोंदली गेली. काही ग्रंथांची पाने गळली, काहींचे लेखक चुकीचे नोंदले गेले. परिणामी ग्रंथ साठ्यात असूनही वाचकाला सापडत नसे. पुढे स्वामित्वहक्काचे प्रश्न उपस्थित झाले आणि मूळ संकेतस्थळ बंद पडले. आज त्यांतील बरेच ग्रंथ वाचायला मिळतात, ते स्वयंसेवकांनी त्यांच्या प्रती ‘इंटरनेट अर्काइव्ह’ या अन्य ठिकाणी वेळीच ठेवल्या म्हणून.

सूचीतील हयगय, हक्कांविषयी संदिग्धता आणि एकाच जागी ठेवलेली प्रत, अशी तीन दुखणी या उदाहरणातून दिसतात. पुढील टप्प्यांचा विचार करताना ती आपल्याला पुन्हा भेटतील. आयआयटी खरगपूरने विकसित केलेल्या आणि २०१८ मध्ये राष्ट्राला अर्पण झालेल्या राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयाने सूचीवरच भर दिला आहे. अनेक संस्थांकडील साहित्याच्या नोंदी एकत्र करून वाचकाला मूळ स्थानापर्यंत नेणे, हे त्याचे मुख्य कार्य आहे.

४.२.२ मराठीतील काही प्रयत्न

उंबरमाळी ज्या जिल्ह्यात आहे, त्या ठाणे जिल्ह्यापासूनच आरंभ करू. ‘महाराष्ट्र सारस्वत’कार वि. ल. भावे यांच्या पुढाकाराने १८९३ मध्ये ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झाले. केवळ मराठी ग्रंथांचा संग्रह करण्याचा संकल्प हे त्याचे वैशिष्ट्य होते. या संस्थेने आपल्या संग्रहातील दुर्मीळ ग्रंथांचे डिजिटल रूपांतर करून ते वाचकांसाठी खुले करण्याचे काम हाती घेतले. ज्या संस्थेने ग्रंथ जपले, तिनेच ते पुढच्या रूपात नेले, हे येथे विशेष आहे.

शासकीय संस्थांपैकी राज्य मराठी विकास संस्था आणि महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ यांनी अनेक ग्रंथ संकेतस्थळांवर विनामूल्य ठेवले आहेत. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. आज या कोशाचे वीसही खंड संगणकावर वाचता येतात. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या ग्रंथालयाने जुने अहवाल, नियतकालिके व ग्रंथ यांचे डिजिटल भांडार उभारले आहे.

मराठीच्या विद्यार्थ्याला सर्वाधिक उपयोगी पडणारे एक भांडार मात्र महाराष्ट्राबाहेर आहे. शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाविषयक डिजिटल ग्रंथालयात मोल्सवर्थचा १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीचा मराठी-इंग्रजी कोश आणि दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ हे दोन्ही शोधण्याजोग्या रूपात उपलब्ध आहेत. भाताच्या रोपांसाठी जमीन भाजण्याला शहापूर-मुरबाडकडे ‘राब भाजणे’ म्हणतात. ‘राब’ हा शब्द त्या कोशांत आहे. म्हणजे येथील शेतावरचा शब्द शिकागोच्या संगणकात जाऊन बसला आहे आणि उंबरमाळीचा विद्यार्थी तो तेथून आपल्या भ्रमणध्वनीवर परत वाचू शकतो. विद्यापीठीय डिजिटल ग्रंथालय काय साधू शकते, याचे याहून सोपे उदाहरण नाही.

४.२.३ उभारणीचे टप्पे

(अ) निवड आणि हक्क

कोणताही ग्रंथ प्रतिमांकित करण्यापूर्वी त्याचे हक्क कोणाकडे आहेत, हे पाहावे लागते. भारतीय स्वामित्वहक्क अधिनियम १९५७ नुसार लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षाच्या आरंभापासून ६० वर्षे हक्क टिकतो. साने गुरुजींचे निधन १९५० मध्ये झाले, म्हणून त्यांनी हयातीत प्रसिद्ध केलेले साहित्य २०११ च्या आरंभापासून सर्वांसाठी मुक्त झाले. बा. सी. मर्ढेकर यांचे निधन १९५६ मध्ये झाले. त्यांचे साहित्य २०१७ पासून मुक्त आहे. अण्णा भाऊ साठे १९६९ मध्ये निवर्तले, त्यामुळे त्यांच्या साहित्यावरील हक्क २०२९ च्या अखेरीपर्यंत राहतात. कुसुमाग्रजांच्या बाबतीत ही मर्यादा २०५९ च्या अखेरीची आहे.

येथे एक बारकावा लक्षात घ्यावा. ज्ञानेश्वरीची मूळ संहिता मुक्त आहे, परंतु तिची आजच्या अभ्यासकाने सिद्ध केलेली प्रस्तावना, टीपा व गद्य रूपांतर यांवर त्या अभ्यासकाचा हक्क असतो. तेव्हा ‘जुना ग्रंथ म्हणजे मुक्त ग्रंथ’ असे सरसकट समजू नये. २०१२ च्या दुरुस्तीने बिगरव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाला स्वतःजवळील मुद्रित ग्रंथाची डिजिटल प्रत जतनासाठी ठेवण्याची मुभा दिली आहे. तथापि, जतन करणे वेगळे आणि सर्वांना वाटणे वेगळे. त्याच दुरुस्तीने दिव्यांग वाचकांसाठी सुलभ रूपातील प्रती तयार करण्याची वाटही मोकळी केली.

विद्यापीठाचे स्वतःचे अध्ययनसाहित्य ही निवडीतील सर्वांत निर्वेध सामग्री होय. त्याचे हक्क विद्यापीठाकडेच असतात. ते वापरण्याची, बदलण्याची आणि पुन्हा वाटण्याची परवानगी विद्यापीठाने स्पष्ट शब्दांत दिली, तर त्याला मुक्त शैक्षणिक साधन असे म्हणतात. २००२ मध्ये युनेस्कोच्या एका परिषदेत ही संज्ञा रूढ झाली. मुरबाडमधील एखाद्या शिक्षकाने त्या पुस्तिकेतील उदाहरणे बदलून आपल्या परिसरातील उदाहरणे घातली, तर तो गुन्हा न ठरता अध्ययनाचा भाग ठरावा, हे या परवानगीचे प्रयोजन आहे.

(आ) प्रतिमेपासून मजकुरापर्यंत

प्रतिमांकित पान हे चित्र असते. त्यातील अक्षरे संगणकाला कळत नाहीत. ती ओळखून त्यांचे मजकुरात रूपांतर करण्याच्या प्रक्रियेला अक्षर-अभिज्ञान म्हणतात. देवनागरीत शिरोरेषेने अक्षरे एकमेकांना जोडलेली असतात, जोडाक्षरे अनेक असतात, मात्रा वर-खाली येतात. त्यामुळे ‘ख’चे ‘रव’, ‘घ’चे ‘ध’, ‘भ’चे ‘म’ आणि ‘ब’चे ‘व’ होणे हे नेहमीचे प्रमाद आहेत. एका पानावर १५०० अक्षरचिन्हे असतील आणि यंत्राची अचूकता ९८ टक्के असेल, तर त्या पानावर ३० चुका उरतात. हे गणित लक्षात घेतले की मुद्रितशोधकाची गरज संपलेली नाही, हे पटते.

मजकूर युनिकोड या सर्वमान्य संकेतप्रणालीत असणे आवश्यक आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वी प्रत्येक टंकाची स्वतंत्र मांडणी असे. त्या टंकांत टाइप केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर निरर्थक चिन्हांची रांग होऊन बसतो. अनेक संस्थांचे १९९० नंतरचे साहित्य आजही याच अवस्थेत आहे. मोडी लिपीला तर युनिकोडमध्ये २०१४ मध्ये स्थान मिळाले.

मजकूर आणि प्रतिमा यांतील फरक वाचकाच्या खिशालाही कळतो. प्रत्येक पानाची प्रतिमा अर्ध्या एमबीची धरली, तर २०० पानांचा ग्रंथ १०० एमबीचा होतो. त्याच ग्रंथात ५०,००० शब्द असतील, प्रत्येक शब्दात सरासरी सात चिन्हे असतील आणि प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागत असतील, तर शुद्ध मजकूर साधारण एका एमबीत मावतो. जेथे गाडी पुढे सरकताच भ्रमणध्वनीचे जाळे तुटते, तेथे एक आणि शंभर यांतील अंतर म्हणजे ग्रंथ मिळणे आणि न मिळणे यांतील अंतर असते. शिवाय दृष्टिहीन विद्यार्थ्याला वाचून दाखवणारी संगणकप्रणाली मजकूर वाचते, चित्र वाचत नाही.

(इ) सूची

ग्रंथाविषयीच्या माहितीला अधिमाहिती म्हणतात. शीर्षक, कर्ता, विषय, प्रकाशक, दिनांक, भाषा, हक्क अशा १५ घटकांचा एक संच १९९५ मध्ये अमेरिकेतील डब्लिन या गावी झालेल्या चर्चेतून पुढे आला. त्याला ‘डब्लिन कोअर’ असे म्हणतात आणि आज तो सर्वत्र वापरला जातो. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या ग्रंथालयाने ह्यूलेट-पॅकार्डच्या साहाय्याने तयार केलेली ‘डीस्पेस’ ही विनामूल्य प्रणाली याच घटकांवर आधारलेली आहे. भारतातील अनेक विद्यापीठे ती वापरतात.

मराठी ग्रंथाची सूची मराठीतच, देवनागरीत आणि सोबत ठरीव रोमन वर्णांतराने व्हावी. स्थलनामांची पर्यायी रूपेही नोंदवावीत. इंग्रजी लेखनातून परत येताना ‘ळ’ गळतो आणि ‘उंबरमाळी’चे ‘उंबरमाली’ होते. सूचीत ही दोन्ही रूपे एकमेकांशी जोडलेली नसतील, तर एका गावाविषयीची माहिती दोन गावांत वाटली जाईल.

(ई) शोध आणि मराठी व्याकरण

मराठीच्या अभ्यासकांचा अधिकार याच ठिकाणी सर्वांत जास्त आहे, म्हणून हा टप्पा सविस्तर पाहू. मराठीत विभक्तिप्रत्यय लागण्यापूर्वी नामाचे सामान्यरूप होते. ‘विहीर’ या शब्दाला प्रत्यय लागला की ‘विहिरीत’, ‘विहिरीवर’ अशी रूपे होतात. ‘ही’ दीर्घ होती, ती ‘हि’ ऱ्हस्व झाली. ‘पाऊस’चे ‘पावसात’ होते, ‘पाणी’चे ‘पाण्याला’ होते. आता एखाद्या विद्यार्थिनीने पाणीटंचाईवरील कथा शोधण्यासाठी ‘विहीर’ हा शब्द लिहिला आणि संगणकाने केवळ तेवढाच अक्षरसमूह शोधला, तर ‘विहिरीवर’ हा शब्द असलेली सर्व पाने तिच्यापासून लपून राहतील. सामान्यरूपाचे नियम संगणकाला शिकवणे हे काम तंत्रज्ञ एकट्याने करू शकत नाही. त्याला व्याकरणाचा जाणकार लागतो.

दुसरा अडथळा लेखनपद्धतीचा आहे. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ मध्ये शासनाने स्वीकारले. त्यापूर्वीच्या ग्रंथांत ‘नांव’, ‘गांव’, ‘कांहीं’ अशी अनुस्वारयुक्त रूपे आढळतात. आजच्या पद्धतीने ‘गाव’ असे शोधणाऱ्या वाचकाला १९३० च्या ग्रंथातील ‘गांव’ मिळाला पाहिजे. यावर उपाय म्हणून कोणी मूळ मजकुरातील अनुस्वार काढून टाकू नयेत. तो भाषेच्या इतिहासाचा पुरावा आहे. मूळ रूप तसेच ठेवून शोधासाठी वेगळी अनुक्रमणी करावी.

तिसरा अडथळा डोळ्यांना दिसत नाही. ‘दुसऱ्या’ या शब्दातील अर्धा र दोन वेगवेगळ्या संकेतक्रमांनी टाइप करता येतो. ‘ॲ’ हे अक्षरही एका संकेताने किंवा ‘अ’वर चंद्र देऊन लिहिता येते. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, परंतु संगणकाच्या लेखी ते भिन्न शब्द असतात. शोधयंत्रणेने अशा रूपांचे आधी एकीकरण करून घ्यावे लागते.

(उ) जतन

परंपरा सांगते की, तुकोबांची गाथा इंद्रायणीत बुडवली गेली आणि ती तरली. अभंग लोकांच्या मुखी होते, संताजी जगनाडे यांच्यासारख्यांनी ते वह्यांत उतरवून घेतले होते, हेही परंपराच सांगते. जतनशास्त्राचे पहिले तत्त्व हेच आहे. एकच प्रत, मग ती कागदाची असो वा संगणकाची, नेहमी धोक्यात असते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेवर ५ जानेवारी २००४ रोजी झालेल्या हल्ल्यात ग्रंथांची व हस्तलिखितांची नासधूस झाली. कागद असा नष्ट होतो. डिजिटल प्रत वीज, यंत्र, निधी किंवा संकेतस्थळाचे नूतनीकरण न झाल्यानेही नाहीशी होते. म्हणून किमान तीन प्रती, त्यांपैकी एक अन्य गावी, आणि प्रत जशीच्या तशी आहे की नाही याची ठरावीक काळाने तपासणी, असा नियम पाळणे हिताचे असते.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १

एका वाक्यात उत्तरे लिहा.
१. साने गुरुजींचे हयातीत प्रसिद्ध झालेले साहित्य कोणत्या वर्षापासून स्वामित्वहक्कमुक्त झाले?
२. अधिमाहिती म्हणजे काय?
३. ‘विहीर’ असे शोधल्यावर ‘विहिरीवर’ हा शब्द का निसटतो?

४.२.४ पोहोच : शेवटच्या वाचकापर्यंत

मुक्त विद्यापीठाचा विद्यार्थी बहुधा दिवसा काम करतो. भातलावणीच्या दिवसांत तो शेतावर असतो, एरवी पहाटेच्या लोकलने कल्याण-ठाण्याकडे जातो आणि रात्री वाचायला बसतो. विद्यार्थिनीच्या वाट्याला घरातील एकमेव भ्रमणध्वनी सर्वांत शेवटी येतो. ग्रंथालय चोवीस तास उघडे आहे, एवढ्याने तिचा प्रश्न सुटत नाही. ग्रंथ एकदा उतरवून घेतल्यावर जाळे नसतानाही वाचता येणे, तुटलेले उतरवणे जेथे थांबले तेथून पुढे सुरू होणे आणि प्रकरणवार ग्रंथ मिळणे, या तिच्या गरजा आहेत.

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ मध्ये झाला. त्या व्यवस्थेतील ‘ड’ वर्गाची गावोगावची ग्रंथालये आणि विद्यापीठाची अभ्यासकेंद्रे यांचा येथे उपयोग होऊ शकतो. एका लहान संगणकावर हजारो ग्रंथांचा मजकूर साठवता येतो आणि आंतरजालाशिवाय, केवळ त्या खोलीपुरत्या बिनतारी जोडणीने तो वाचकांच्या भ्रमणध्वनीवर पोहोचवता येतो. विकिपीडिया याच पद्धतीने जाळ्याविना वाचता यावा, यासाठी ‘किविक्स’ ही विनामूल्य प्रणाली अस्तित्वात आहे. धरणातले पाणी पाड्यावरच्या टाकीत आणून ठेवण्यासारखेच हे आहे.

तंत्राइतकीच माणसाची गरज असते. सातारा जिल्ह्यातील भिलार येथे २०१७ मध्ये ‘पुस्तकांचे गाव’ सुरू झाले. तेथे पुस्तके गावकऱ्यांच्या घरांत ठेवली आहेत. पुस्तकाशेजारी ते हाती देणारा कोणी असला की वाचक संकोच सोडतो. डिजिटल ग्रंथालयालाही अभ्यासकेंद्रावर असा एक मार्गदर्शक हवा.

४.२.५ सहभाग : वाचकाकडून ग्रंथालयाकडे

आतापर्यंत ग्रंथालयाकडून वाचकाकडे येणाऱ्या प्रवाहाचा विचार केला. सामायिक अध्ययन या शब्दाचा अर्थ त्यापुढे जातो. वाचकही ग्रंथालयात भर घालतो, तेव्हा ते सामायिक होते.

याचा उत्तम नमुना मराठीतच आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवॅं या अभ्यासकांनी पुण्यातून जात्यावरच्या ओव्यांच्या संकलनाचे काम सुरू केले. गावोगावच्या स्त्रिया त्या कामात सहभागी झाल्या आणि महाराष्ट्रातील हजारांहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या डिजिटल संग्रहात त्या प्रसिद्ध होत आहेत. या संकलनाचे वैशिष्ट्य असे की, ओवीबरोबर गाणाऱ्या स्त्रीचे नाव व गाव यांची नोंद झाली. लोकसाहित्याच्या जुन्या संग्रहांत बहुधा संपादकाचे नाव असे आणि गाणारी अनामिक राही. येथे तिला कर्तेपण मिळाले.

शहापूर-मुरबाड परिसरात ठाकर, कातकरी, महादेव कोळी, वारली अशा समाजांची वस्ती आहे. त्यांच्या बोली, लग्नातील गीते, शेतीकामाचे शब्द, रानभाज्यांची व वनस्पतींची नावे यांचे मोठे धन येथे आहे. ‘राब’ कोशात गेला, कारण कोणीतरी तो ऐकून लिहिला. न लिहिलेल्या शब्दांची संख्या कितीतरी जास्त असणार. ते शब्द जाणणारी पिढी वृद्ध होत आहे, आणि तिची नातवंडे आज आपल्यासारखीच पदवीच्या वर्गात आहेत. हे काम त्यांच्याइतके चांगले बाहेरचा संशोधक करू शकणार नाही.

मात्र संकलन करताना काही पथ्ये पाळावी लागतात. ध्वनिमुद्रणापूर्वी त्याचा उपयोग कोठे होणार, हे सांगणाऱ्याला त्याच्या भाषेत समजावून संमती घ्यावी. नाव जाहीर करावे की नाही, हे त्यानेच ठरवावे. विधीशी निगडित गीते सर्वांपुढे ठेवण्यास समाजाची ना असेल, तर ती राखून ठेवावीत. बोलीतील शब्दाचे प्रमाण मराठीत ‘शुद्धीकरण’ करू नये. उच्चार जसा ऐकला तसा लिहून अर्थ वेगळा द्यावा. आणि मुद्रणाची एक प्रत सांगणाऱ्याच्या घरी किंवा गावच्या शाळेत पोहोचवावी. ही शेवटची अट पाळली नाही, तर ज्या गावाने दिले त्यालाच काही मिळाले नाही, ही धरणाची कथा पुन्हा घडेल.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – २

योग्य पर्याय निवडा.
१. जात्यावरच्या ओव्यांच्या संकलनात ओवीबरोबर कशाची नोंद झाली? (अ) केवळ संपादकाच्या नावाची (आ) गाणाऱ्या स्त्रीचे नाव व गाव यांची (इ) ग्रंथाच्या किमतीची
२. बोलीतील शब्द नोंदवताना काय करावे? (अ) प्रमाण मराठीत बदलावा (आ) गाळावा (इ) ऐकला तसा लिहून अर्थ द्यावा

४.३ सारांश

प्रतिमांकित पानांचा संचय म्हणजे डिजिटल ग्रंथालय नव्हे. हक्कांची स्पष्टता, शोधण्याजोगा मजकूर, काटेकोर सूची, मराठीच्या व्याकरणाची जाण असलेली शोधयंत्रणा आणि अनेक ठिकाणी जपलेल्या प्रती यांमुळे साठ्याचे ग्रंथालय होते. दुर्बल जाळे आणि अपुरा वेळ असलेल्या वाचकापर्यंत ते पोहोचते, तेव्हा ते मुक्त विद्यापीठाच्या ब्रीदाला जागते. वाचक आपल्या परिसरातील ज्ञान संमतीने व श्रेयासह त्यात घालतो आणि त्याची प्रत गावाकडे परत येते, तेव्हा ते सामायिक होते. या सर्व टप्प्यांवर मराठीच्या पदवीधराला काम आहे : मुद्रितशोधन, सूचीलेखन, व्याकरणाचे नियम मांडणे आणि बोलींचे संकलन.

४.४ पारिभाषिक शब्द

प्रतिमांकन : मुद्रित वा हस्तलिखित पानाची संगणकीय प्रतिमा घेणे.
अक्षर-अभिज्ञान : प्रतिमेतील अक्षरे ओळखून त्यांचा मजकूर तयार करणे.
अधिमाहिती : ग्रंथाविषयीची सुसंघटित माहिती.
मुक्त शैक्षणिक साधन : वापर, बदल व पुनर्वितरण यांची परवानगी असलेले अध्ययनसाहित्य.
वर्णांतर : एका लिपीतील शब्द दुसऱ्या लिपीत लिहिणे.

४.५ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : (१) २०११ च्या आरंभापासून. (२) ग्रंथाविषयीची सुसंघटित माहिती म्हणजे अधिमाहिती. (३) प्रत्ययापूर्वी नामाचे सामान्यरूप होऊन ‘ही’चे ‘हि’ होते आणि अक्षरसमूह बदलतो.
प्रश्न २ : (१) आ (२) इ

४.६ सरावासाठी स्वाध्याय

१. ‘साठा आणि ग्रंथालय यांत पोहोचीचे अंतर असते’ या विधानाची सोदाहरण चर्चा करा.
२. १९६२ पूर्वीच्या लेखनपद्धतीतील ग्रंथ डिजिटल करताना मूळ रूप का राखावे, ते स्पष्ट करा.
३. लोकसाहित्याच्या संकलनात संमती आणि श्रेय यांचे महत्त्व विशद करा.

४.७ क्षेत्रीय कार्य

आपल्या गावातील एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीची संमती घेऊन शेती, पाणी किंवा रान यांविषयीचे २० शब्द नोंदवा. प्रत्येक शब्दासमोर ऐकलेला उच्चार, अर्थ, एक वाक्य, गाव, दिनांक आणि, त्या व्यक्तीची इच्छा असल्यास, तिचे नाव लिहा. ते शब्द मोल्सवर्थ अथवा दाते-कर्वे यांच्या कोशात शोधा आणि न सापडलेल्या शब्दांवर खूण करा. तयार यादीची एक प्रत अभ्यासकेंद्रावर द्या आणि दुसरी त्या व्यक्तीला वाचून दाखवून तिच्या हाती ठेवा.